पर्यावरणीय नागरिकत्व : शिक्षण आणि संशोधनाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कार्यशाळा संपल्यावर दाराशी गाठून विचारले जाणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. विचारणारे बहुतेक शिक्षक असतात, काही पीएच.डी. करणारे, एखाद-दुसरे पालक. प्रश्नांचं वजन सारखं नाही, म्हणून उत्तरांची लांबीही सारखी नाही.

पर्यावरणीय नागरिकत्व म्हणजे नेमकं काय?

आपण जी हवा घेतो, जे पाणी पितो, ज्या जमिनीवर राहतो, त्यांच्याबाबतचे निर्णय कुणीतरी कुठेतरी घेत असतं. त्या निर्णयांत आपला हक्क किती, जबाबदारी किती आणि आपलं म्हणणं तिथवर पोचवायचं कसं, हे उमगणं आणि तसं वागणं म्हणजे पर्यावरणीय नागरिकत्व. ही माझी कामचलाऊ व्याख्या.

शिक्षणाच्या संशोधनात हल्ली जी व्याख्या वारंवार पुढे ठेवली जाते, ती ‘युरोपियन नेटवर्क फॉर एन्व्हायर्नमेंटल सिटिझनशिप’ या संशोधकांच्या गटानं २०१८ साली मांडली. व्याख्या लांबलचक आहे, पण तिच्यातले धागे सुटे करता येतात. नागरिक घरातही वागतो आणि सार्वजनिक जागीही. तो एकटा काही करतो, तसं इतरांना बरोबर घेऊनही करतो. आणि त्याचं वागणं गल्लीपासून जगापर्यंत कुठल्याही पातळीवर असू शकतं. याच्या पुढचा भाग मात्र लोक भरभर वाचून टाकतात: पर्यावरणाच्या ऱ्हासामागची रचनात्मक कारणं ओळखायची आणि लोकशाही मार्गानं त्यांना हात घालायचा, तोही आजच्या माणसांमधला आणि पुढच्या पिढ्यांसोबतचा न्याय सांभाळून. माझ्या मते सगळा कस तिथेच लागतो.

हे पर्यावरण शिक्षणापेक्षा वेगळं कसं? जुन्याच बाटलीला नवं लेबल तर नाही?

शंका रास्त आहे. १९७२ च्या संयुक्त राष्ट्रांच्या स्टॉकहोम पर्यावरण परिषदेनंतर १९७५ मध्ये पर्यावरण शिक्षणाची बेलग्रेड सनद आली आणि ऑक्टोबर १९७७ मध्ये युनेस्को आणि संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमानं जॉर्जियातल्या तिबिलिसीत आंतरसरकारी परिषद भरवली. पर्यावरण शिक्षणाची पाच उद्दिष्टं तिथे ठरली: जाणीव, ज्ञान, वृत्ती, कौशल्यं आणि सहभाग. म्हणजे कागदावर नागरिक तेव्हापासूनच हजर आहे.

झालं असं, की परिषदेतून वर्गापर्यंत येताना वाटेत बरंच सांडलं. जाणीव म्हणजे घोषवाक्यांची स्पर्धा झाली. ज्ञान म्हणजे ‘प्रदूषणाचे प्रकार लिहा, गुण पाच’. सहभाग हा शब्द प्रस्तावनेत राहिला. पर्यावरणीय नागरिकत्वाचं शिक्षण ही त्या पाचव्या उद्दिष्टाची थकबाकी वसूल करण्याची धडपड आहे, असं मी शिक्षकांना सांगते.

ही कल्पना कुणाची?

एका माणसाची नाही. पण ब्रिटिश राजकीय विचारवंत अँड्र्यू डॉब्सन यांच्या २००३ मधल्या मांडणीला वळसा घालून पुढे जाता येत नाही. नागरिकत्व म्हटलं की आपल्याला देश आठवतो, त्याची हद्द आठवते, हक्क आणि कर्तव्यांची देवघेव आठवते. डॉब्सन म्हणाले, पर्यावरणाच्या बाबतीत हा हिशेब जुळत नाही. मी जास्त धूर सोडला तर त्याची झळ ज्याला बसते तो दुसऱ्या खंडातला असेल, किंवा अजून जन्मालाही आलेला नसेल. मी त्याचं देणं लागते, तो मला काहीच देणं लागत नाही. ज्याचा वाटा जास्त, त्याचं देणं जास्त. या प्रकाराला त्यांनी ‘परिसंस्थीय नागरिकत्व’ म्हटलं आणि राज्यसंस्थेकडे हक्क मागणाऱ्या पर्यावरणीय नागरिकत्वापासून ते वेगळं काढलं. नंतरच्या संशोधकांनी दोन्ही एकाच पिशवीत भरलं. शाळेच्या पातळीवर त्यानं काही बिघडत नाही. प्रबंध लिहिताना मात्र आपण कुठला अर्थ घेतोय हे पहिल्या प्रकरणातच सांगून टाकावं.

दिवे बंद करणं, कचरा वेगळा करणं हे नागरिकत्व नाही का?

आहे. पण सुरुवात तेवढी आहे.

जोएल वेस्टहायमर आणि जोसेफ काहन यांनी २००४ साली एक साधा प्रश्न विचारला होता: शाळांना नेमका कसला नागरिक घडवायचाय? त्यांना तीन प्रकार दिसले. पहिला स्वतःपुरता जबाबदार, दुसरा पुढाकार घेणारा, तिसरा न्यायाचा प्रश्न विचारणारा. त्यांचं उदाहरण भुकेल्यांसाठी धान्य गोळा करण्याचं होतं: पहिला धान्य देतो, दुसरा मोहीम उभी करतो, तिसरा विचारतो की लोक उपाशी का आहेत. नदीवर हेच लावून पाहा. पहिला काठावर प्लास्टिक टाकत नाही. दुसरा रविवारी पन्नास जणांना घेऊन काठ साफ करतो. तिसरा वाकून पाहतो, की त्या पाइपातून येतंय ते कुठून येतंय आणि ते सोडायला परवानगी कुणी दिली.

तिघंही हवेत. पण बहुतेक शालेय उपक्रम पहिल्यावर थांबतात, कारण पहिला कुणालाच अडचणीत आणत नाही. मायकेल मॅनिएट्स यांनी २००१ मध्येच इशारा दिला होता, की पर्यावरणाची जबाबदारी व्यक्तीच्या गळ्यात अडकवली की संस्था, बाजार आणि सत्ता नजरेआड होतात. झाड लावा, सायकल घ्या, जग वाचवा, एवढंच उरतं. ‘कार्बन फूटप्रिंट’ हा शब्द घराघरात पोचवण्यात २००० च्या दशकातल्या बीपी या तेल कंपनीच्या जाहिरातींचा मोठा हात होता, हेही ध्यानात असू द्यावं. म्हणून फूटप्रिंट मोजूच नये असं मी म्हणत नाही. मोजा, आणि मग यातलं माझ्या हातात किती आणि कुणाच्या हातात किती, हा पुढचा रकानाही भरा.

नीट माहिती दिली की वागणूक आपोआप बदलते ना?

कळतं पण वळत नाही, हे आपल्या भाषेला कधीचंच ठाऊक आहे. संशोधनाला ते सिद्ध करायला वेळ लागला. माहितीतून वृत्ती, वृत्तीतून वागणूक, असा सरळ जिना गृहीत धरून कित्येक वर्षं अभ्यासक्रम बनले. १९९० मध्ये हंगरफोर्ड आणि व्होल्क यांनी तो जिना तसा नाही हे दाखवून दिलं: प्रश्न आपला वाटणं आणि आपण काही करू शकतो असा भरवसा असणं, या दोन्हींशिवाय माहिती जागच्या जागी राहते. पुढे २००२ मध्ये कोलमस आणि अग्येमन यांनी माहिती आणि वागणूक यांच्यातल्या दरीवरचे प्रमुख सिद्धांत पडताळले आणि कुठलाच एक पुरा पडत नाही असा निष्कर्ष काढला. सवय, सोय, पैसा, शेजारी काय करतात, पर्याय उपलब्ध आहे का, हे सगळं मध्ये येतं.

याचा अर्थ माहिती निरुपयोगी असा काढू नका. प्रश्न कुठली माहिती हा आहे. डेन्मार्कचे ब्यार्न ब्रून येन्सन माहितीचे चार भाग पाडतात: परिणाम काय, मूळ कारणं काय, बदल कसा घडवता येतो, आणि वेगळं चित्र कसं असू शकतं. आता कुठलंही पाठ्यपुस्तक उघडा आणि ओझोनचा धडा काढा. थर विरळ झाला, अतिनील किरण वाढले, त्वचेचा कर्करोग, मोतीबिंदू. सगळे परिणाम. फार तर ‘सीएफसी’, म्हणजे स्प्रे आणि फ्रिजमध्ये वापरली जाणारी क्लोरोफ्लुरोकार्बन रसायनं, हे एक कारण.

पण खरी गोष्ट तर त्यापुढे आहे. १९७४ मध्ये मोलिना आणि रोलंड या दोन रसायनशास्त्रज्ञांनी धोका सांगितला, तेव्हा पुरावा मुख्यतः प्रयोगशाळेतला आणि हिशेबातला होता. उद्योगांनी तो उडवून लावला. तरी अमेरिकेत लोकांनी स्प्रेचे डबे घेणं कमी केलं आणि १९७८ मध्ये तिथे बहुतेक स्प्रेमधल्या सीएफसीवर बंदी आली. १९८५ मध्ये अंटार्क्टिकावरचं छिद्र जगासमोर आलं, १९८७ मध्ये अशा रसायनांना आळा घालणारा माँट्रिअल करार झाला, आणि पुढे जगातल्या प्रत्येक देशानं त्याला मान्यता दिली. थर आता हळूहळू भरून येतो आहे. हा सगळा भाग मुलांना सांगितलाच जात नाही. आजार शिकवायचा आणि रुग्ण बरा होतोय, कुणी कसा बरा केला, हे लपवायचं, हा कुठला न्याय?

बक्षिसं किंवा दंड लावले तर काम सोपं होणार नाही का?

कधी होतं, कधी अंगाशी येतं. २००० साली नीझी आणि रुस्तिचिनी यांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला, पर्यावरणाशी संबंध नसलेला पण फार बोलका. इस्रायलमधल्या हैफा इथल्या काही पाळणाघरांनी मुलांना उशिरा न्यायला येणाऱ्या पालकांना दंड लावला. उशीर वाढला! पूर्वी ताटकळणाऱ्या ताईंची लाज वाटायची; आता उशिराचे पैसे भरले की झालं. दंड काढून टाकला तरी उशीर पूर्वीच्या पातळीवर आला नाही.

२०१३ मधला एव्हन्स आणि सहकाऱ्यांचा प्रयोग याच्या जवळचा. एकाच गाडीतून मिळून प्रवास करण्याचे फायदे काहींना पर्यावरणाच्या अंगानं सांगितले, काहींना पैसे वाचण्याच्या अंगानं. नंतर त्यांच्या नकळत पाहिलं, की जाताना हातातला कागद कोण कुठे टाकतं. पर्यावरणाचं कारण वाचलेल्यांनी तो पुनर्वापराच्या डब्यात जास्त टाकला. म्हणजे कुठल्या कारणासाठी करायला सांगितलं, यावर ती सवय दुसरीकडे जाते की नाही हे अवलंबून असतं. ‘सर्वाधिक प्लास्टिक आणणाऱ्या वर्गाला ढाल’ असली स्पर्धा लावण्याआधी हे आठवा. अशा स्पर्धेसाठी मुलांनी नव्या बाटल्या विकत आणल्या तर नवल वाटून घेऊ नका.

वर्गात हे प्रत्यक्ष कसं करायचं?

वर उल्लेख केलेल्या युरोपीय गटानं सहा टप्पे सुचवले आहेत: शोध घेणं, कृतीची आखणी, चिकित्सक सहभाग, इतरांशी जोडून घेणं, झालेला बदल टिकवणं, आणि मागे वळून तपासणं. तक्त्यावर हे फार नेटकं दिसतं. वर्गात ते आठ दिशांना पळतं.

मी पाहिलेला एक वर्ग सांगते. तेरा-चौदा वर्षांची मुलं. विषय हवा. पुस्तकातला धडा संपल्यावर शिक्षिकेनं त्यांना शाळा सुटायच्या वेळी फाटकाशी उभं केलं, हातात वही आणि घड्याळ देऊन. इंजिन चालू ठेवून किती गाड्या उभ्या आहेत, किती वेळ, एवढंच लिहायचं. गाड्या वेगळ्या ओळखता याव्यात म्हणून नंबर टिपायचे. दुसऱ्या दिवशी एका मुलाच्या यादीत त्याच्याच वडिलांच्या गाडीचा नंबर आला. त्यानं तो खोडला. थोड्या वेळानं मी पाहिलं, तर खोडलेल्याच्या शेजारी तोच नंबर बारीक अक्षरात परत लिहिलेला होता. शिक्षिका काही बोलली नाही. मला वाटतं त्या आठवड्यातलं तिचं सगळ्यात चांगलं शिकवणं तेच होतं. वर्गात आकडे एकत्र मांडताना मात्र तिनं नंबर बाजूला ठेवले.

आठवड्याचे आकडे जमले तेव्हा मुलांना लगेच पोस्टर करायचं होतं: ‘इंजिन बंद करा’. शिक्षिकेनं अडवलं. आधी विचारा, ते बंद का करत नाहीत? मुलं चालकांशी बोलली. उत्तरं अशी आली: फाटक ठरल्या मिनिटालाच उघडतं, त्याआधी जागा पकडायला लवकर यावं लागतं, पुढची गाडी इंच इंच सरकते म्हणून इंजिन बंद करून चालत नाही, ऊन असतं. म्हणजे दोष चालकांच्या बेफिकिरीपेक्षा रांग कशी लावली आहे यात होता. पोस्टर मागे पडलं. त्याऐवजी दोन मागण्या निघाल्या. मुख्याध्यापकांकडे: फाटक दहा मिनिटं आधी उघडा, वर्ग टप्प्याटप्प्यानं सोडा. स्थानिक प्रशासनाकडे: थोड्या अंतरावर सावलीत थांबायची जागा आखून द्या. पहिली मागणी चार दिवसांत मान्य झाली. दुसरीचं काय झालं ते शेवटी सांगते.

यातलं ‘पोस्टर मागे पडलं’ हे वाक्य अधोरेखित करावंसं वाटतं. कारण शोधायला दिलेला एक तास सगळ्या उपक्रमाची दिशा बदलतो, आणि वेळ कमी पडला की पहिला तोच तास कापला जातो.

यात राजकारण येत नाही का? पालक तक्रार करतील.

येतं. नागरिकत्व शिकवायचं आणि सत्तेबद्दल बोलायचं नाही, म्हणजे पोहायला शिकवायचं आणि पाण्याबद्दल बोलायचं नाही. पक्षाचा प्रचार आणि सार्वजनिक निर्णयांची समज या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. शिक्षकानं पहिलीपासून लांब राहावं, दुसरी टाळू नये.

आधारासाठी कायद्याची भाषा उपयोगी पडते. १९९२ च्या रिओ जाहीरनाम्याचं दहावं तत्त्व सांगतं, की पर्यावरणाचे प्रश्न संबंधित नागरिकांच्या सहभागानं उत्तम हाताळले जातात. त्यातून मुख्यतः युरोपातल्या देशांचा १९९८ चा आर्हुस करार आला: माहिती मिळण्याचा, निर्णयात भाग घेण्याचा आणि न्याय मागण्याचा हक्क. लॅटिन अमेरिका आणि कॅरिबियनसाठी २०१८ मध्ये एस्काझू करार झाला, त्यात पर्यावरणासाठी लढणाऱ्या माणसांच्या संरक्षणाचंही कलम आहे. २८ जुलै २०२२ रोजी संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेनं स्वच्छ, आरोग्यदायी आणि शाश्वत पर्यावरण हा मानवी हक्क मानला. बाजूनं १६१ मतं, विरोधात एकही नाही, आठ देश तटस्थ. हे हक्क शिकवणं म्हणजे कुणाची बाजू घेणं नव्हे.

दोन पथ्यं मात्र कडक पाळा. मुलाला त्याच्या मतासाठी गुण देऊ नका, युक्तिवादासाठी द्या. आणि कुणाच्याही आंदोलनात मुलांना फलक धरून उभं करू नका. फलक धरायचा की नाही हे ठरवता येणं हेच तर शिकवायचंय.

किती वयापासून सुरू करावं?

निसर्गाशी ओळख जितकी लवकर तितकी बरी. हक्क आणि यंत्रणांची भाषा नंतर. पर्यावरणासाठी आयुष्यभर काम करणाऱ्यांना लुईस चॉला आणि इतर संशोधकांनी विचारलं, की तुम्ही इकडे कसे वळलात? उत्तरांत दोन गोष्टी पुन्हा पुन्हा आल्या: लहानपणी मोकळ्या जागी घालवलेला वेळ आणि तिथे सोबत असलेलं एखादं मोठं माणूस, जे त्या जागेकडे लक्ष देत होतं. अर्थात ही आठवणीतून सांगितलेली कारणं आहेत, हे संशोधकानं विसरू नये.

हवामान बदलाबद्दल सांगितलं की मुलं घाबरतात. मग सांगावं की नाही?

ती आधीच घाबरलेली आहेत. २०२१ मध्ये लॅन्सेट समूहाच्या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या सर्वेक्षणात दहा देशांतल्या १६ ते २५ वयाच्या १०,००० जणांना विचारलं होतं. ५९ टक्के जण हवामान बदलाबद्दल खूप किंवा अतिशय चिंतेत होते. गप्प राहिल्यानं चिंता जात नाही, फक्त एकटी पडते.

स्वीडनच्या मारिया ओयाला यांचं काम इथे उपयोगी आहे. त्या दोन प्रकारची आशा वेगळी काढतात. एक ‘होईल सगळं ठीक, उगाच बाऊ करतात’ अशी. तिच्यामुळे माणूस काही करत नाही. दुसरी प्रश्नाचं गांभीर्य मान्य करून माणसांवर आणि स्वतःच्या कृतीवर भरवसा ठेवणारी. तिचा पर्यावरणपूरक वागण्याशी संबंध दिसतो. म्हणून भीतीदायक आलेख दाखवून घंटा होऊ देऊ नका. तासाचा शेवट कुणीतरी काहीतरी करतंय तिथे व्हायला हवा.

मुलं शिकली तर घरचे बदलतात का?

काही प्रमाणात, आणि नेहमी अपेक्षित घरांत नाही. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात लॉसन आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेच्या नॉर्थ कॅरोलिना राज्यात माध्यमिक शाळांमधल्या मुलांना हवामानाचे धडे दिले. मुलांनी पालकांची मुलाखत घ्यायची, असा त्यातला एक भाग होता. पालकांमधली चिंता वाढली, आणि सर्वांत जास्त वाढली ती वडिलांमध्ये, परंपरावादी पालकांमध्ये आणि ज्यांना मुलगी होती त्यांच्यात. मुलांना दूत बनवून पाठवण्यात मला थोडी अडचण वाटते. आपलं काम आपण त्यांच्या खांद्यावर टाकतो. मुलाखत घेणं मात्र छान आहे. त्यात मूल विचारतं, शिकवत नाही.

संशोधनात हे मोजायचं कसं?

माझ्या पहिल्या प्रश्नावलीची गोष्ट. ‘मी गरज नसताना नळ बंद करतो: नेहमी, कधीकधी, कधीच नाही’ अशी चाळीस विधानं. वर्गात वाटली. मागच्या बाकावरच्या मुलानं हात वर केला आणि विचारलं, “मॅडम, खरं लिहू की बरोबर लिहू?” मी हसले, आणि त्या रात्री माझ्या सगळ्या आकडेवारीकडे वेगळ्या नजरेनं पाहिलं.

त्या मुलाचा प्रश्न संशोधनानं आकड्यांत मांडला आहे. कोर्मोस आणि गिफर्ड यांनी २०१४ मध्ये आधीचे अनेक अभ्यास एकत्र करून तपासलं, की लोक सांगतात ते पर्यावरणपूरक वागणं आणि प्रत्यक्ष मोजलेलं वागणं यांचं किती जुळतं. सहसंबंध ०.४६ निघाला (तंतोतंत जुळलं तर तो १ असतो; ०.४६ चा वर्ग साधारण ०.२१). म्हणजे प्रत्यक्ष वागण्यातल्या फरकाचा साधारण पाचवा हिस्साच सांगितलेल्या वागण्यावरून कळतो. बाकीचे चार हिस्से अंधारात.

तयार साधनं आहेत. डनलॅप आणि व्हॅन लिअर यांची १९७८ ची आणि २००० मध्ये सुधारलेली पंधरा विधानांची ‘एनईपी’ श्रेणी जगभर वापरली जाते. पण ती निसर्गाकडे पाहण्याची दृष्टी मोजते, नागरिकत्व नाही. खूप प्रबंधांत ही गल्लत असते. नागरिकत्वासाठी सायप्रसच्या हाजीहाम्बिस आणि पारास्केवा-हाजीहाम्बी यांनी २०२० मध्ये वेगळी प्रश्नावली मांडली आहे, ती वर दिलेल्या व्याख्येवर उभी आहे. कुठलीही घ्या, भाषांतर करून तशीच वाटू नका. चार-पाच मुलांना समोर बसवून प्रत्येक विधान मोठ्यानं वाचायला सांगा आणि त्यांना काय समजलं ते विचारा. निम्मी विधानं तिथेच पडतात.

आणि प्रश्नावलीसोबत काहीतरी असं मोजा जे खोटं बोलत नाही: वीज मीटरचा आकडा, कचऱ्याच्या डब्याचं वजन, पाठवलेल्या पत्रांची संख्या, सभेला आलेली माणसं. तुलनेसाठी दुसरा वर्ग ठेवा. शेवटच्या दिवशी घेतलेली चाचणी उत्साह मोजते. सहा महिन्यांनी परत जा.

नव्या संशोधकानं कुठला विषय घ्यावा?

‘जाणीव-जागृतीचा अभ्यास’ हा कृपा करून नको. त्याचे ढीग पडले आहेत. घरातल्या वागण्यावर खूप काम आहे, सार्वजनिक वागण्यावर कमी. एकट्याच्या कृतीवर खूप, गटाच्या कृतीवर कमी. शाळा सोडल्यावर दहा वर्षांनी काय उरतं हे फार थोडे तपासतात, कारण पदवी तीन वर्षांत हवी असते. शिक्षक कुठला विषय टाळतात आणि का, हा एक न शिवलेला खजिना आहे. येन्सन आणि श्नाक यांनी १९९७ मध्ये मांडलेली ‘कृतिक्षमता’ ही कल्पना सैद्धांतिक पाया म्हणून अजूनही भक्कम आहे.

मुलांवर संशोधन करताना पालकांची संमती घ्यालच. मुलाचीही घ्या, आणि मधूनच नाही म्हणायची मुभा द्या. नागरिकत्वावरच्या अभ्यासात ती नसणं जरा विनोदीच.

पक्षी मोजणं, पाण्याचे नमुने गोळा करणं, हे यात बसतं का?

बसतं, पण आकडे पाठवून हात झटकले तर अर्धंच. अमेरिकेत १९०० च्या नाताळात सुरू झालेली पक्षीगणना आजही चालते आणि तिच्या नोंदींतून पक्ष्यांच्या संख्येतले दीर्घ चढउतार कळतात. तो विज्ञानाला दिलेला हातभार. मिशिगनमधल्या फ्लिंट शहराची गोष्ट त्याच्या पुढची. एप्रिल २०१४ मध्ये शहराचं पाणी नदीतून घ्यायला सुरुवात झाली. ते नीट प्रक्रिया न केल्यानं जुन्या पाइपांतलं शिसं पाण्यात उतरू लागलं. अधिकारी सांगत राहिले, पाणी ठीक आहे. २०१५ मध्ये रहिवाशांनी व्हर्जिनिया टेकच्या संशोधकांबरोबर घरोघरचे शेकडो नमुने गोळा केले, शिसं सिद्ध झालं आणि ऑक्टोबरमध्ये शहराला जुन्या स्रोताकडे परतावं लागलं. प्रश्न लोकांचा, नमुने लोकांचे, प्रयोगशाळा विद्यापीठाची. पर्यावरणीय नागरिकत्वाचं याहून स्पष्ट उदाहरण मला चटकन आठवत नाही.

अभ्यासक्रमात वेळच नाही. काय करणार?

युनेस्कोनं २०२१ मध्ये १०० देशांचे राष्ट्रीय अभ्यासक्रम पाहिले तेव्हा हवामान बदलाचा उल्लेख ५३ टक्क्यांतच होता. तेव्हा अडचण सगळीकडची आहे. वेगळा तास मागू नका, मिळणार नाही. गाड्यांची मोजणी गणितात जाते, मागणीचं पत्र भाषेत, करार नागरिकशास्त्रात. तीन शिक्षकांनी एकमेकांशी बोलायला हवं, तेवढंच अवघड आहे.

आणि पत्राला उत्तर आलंच नाही तर?

बहुधा येत नाही. फाटकावरच्या त्या मुलांनी थांबायच्या जागेसाठी लिहिलेलं पत्र तीन आठवडे कुठेतरी पडून होतं. मुलं हिरमुसली. शिक्षिकेनं विचारलं, पोच घेतली होती का? कुणालाच पोच म्हणजे काय ते ठाऊक नव्हतं. मग पत्र पुन्हा लिहिलं, दोन प्रती काढल्या, तिघं जण जाऊन देऊन आली आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख, आवक क्रमांक घेऊन परतली. ती प्रत वर्गाच्या फळ्याशेजारी लावली होती.

महिन्याभरानं दोन ओळींचं उत्तर आलं: आपले पत्र पुढील कार्यवाहीसाठी संबंधित विभागाकडे पाठवण्यात आले आहे. शिक्षिकेनं ते मोठ्यानं वाचलं. पहिल्या बाकावरची मुलगी म्हणाली, “संबंधित विभाग म्हणजे कोण?” पुढचा तास तिथून सुरू झाला.